कोहळ्याचा पहिला चिरा

कार्तिक शु. ३, शके १७८६. अमरावती

काल सभेत घसा फोडून बोललो. अख्खं कोहळं बाईनं चिरू नये, पहिला चिरा पुरुषाचाच, नाहीतर थोरल्या मुलावर संकट, म्हणे. याला आधार कोणत्या ग्रंथाचा, दाखवा म्हटलं. एक माणूस उठला नाही.

आज सौ.ने तळणीच्या गोड बोंडांसाठी लालबुंद कोहळं पुढ्यात आणून ठेवलं. म्हणाली, जरा चिरा घालून द्या. मी नाही म्हणालो. तूच चीर. बाहेर बोलायचं एक आणि घरात करायचं दुसरं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. तिनं निजलेल्या आमच्या थोरल्या बाळ्याकडे पाहिलं आणि कोहळं उचलून आत नेलं.

शु. ४

शाळेतून आलो तो ओसरीवर शेजारचे गणपतभाऊ. मांडीवर बोंडांची ताटली. विलायतेत कापूस मिळेना झाल्यापासून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तसं यांच्या डोक्यावर जरीचं पागोटं आलं आहे आणि बोलणंही जरीचं झालं आहे.

"मास्तर, तुमच्या तत्त्वाले कोहळं चिरता येत नाई, म्हून वहिनीनं मले बलावलं."

सौ. दाराआड पदर तोंडाला लावून हसली. माझ्या कोणत्याही बोलण्यावर ती अशी हसल्याचं आठवत नाही.

शु. ८

पुन्हा कोहळं, पुन्हा गणपतभाऊ. चिरा घालायला किती वेळ लागतो? हे गृहस्थ गूळ किती, कणीक किती, तेल तापलं का, इथपर्यंत बसतात. पहिला घाणा त्यांच्या घरी गेला. मी म्हटलं, बोंडं तेलकट झालीत. सौ. म्हणाली, "मंग नका खाऊ."

खाल्ली. चांगली होती, म्हणून जास्त राग.

शु. ९

सौ. देवळात गेली होती. विळी घेऊन कोहळ्यापुढे बसलो. एक चिरा, की गणपतभाऊंचं येणं बंद. पण अकोल्याची सभा तोंडावर. तिथे कोणत्या तोंडानं... विळी जागेवर ठेवली.

मत्सर वाईट, हे मीच किती वेळा सांगितलं आहे.

व. ३

अकोल्याहून परत. बैलांच्या दमणीत बसून अंग मोडलं. सभा बरी झाली, लोक शेवटपर्यंत बसले.

घरात शिरलो तर चुलीजवळ कोहळ्याच्या दोन फाका. पुन्हा आले होते वाटतं, असं जरा तिरकं विचारलं.

"कोनी नाई आलं. म्याच चिरलं."

माझा आनंद गगनात मावेना. म्हटलं, शेवटी माझं म्हणणं पटलं तर. कढईतलं बोंड उलटत ती म्हणाली, "तुमचं नाई."

मग हळूहळू कळलं ते असं. मी गावाला गेल्यावर गणपतभाऊंनी आपल्या घरी, आपल्या बायकोकडून अख्खं कोहळं चिरवलं. थोरल्या रघूला समोर बसवून. ती रडायला लागली तर म्हणाले, मास्तर खोटं नाई बोलत, घाल चिरा. चार दिवस रघू धडधाकट हुंदडताना पाहिला, तेव्हा सौ.ने विळी हातात घेतली.

"त्यायनं आपलं पोरगं बसवलं पुढं," ती म्हणाली. "तुमी नुसतं बोलून राहिले."

तिला भीती कशाची वाटते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तरी हेही खरं, की शब्द माझेच होते. माझ्या शब्दांवर त्या माणसानं पोर पुढे बसवलं, आणि मान त्याला.

व. ४

मोर्शीहून बोलावणं आलं. विषय हाच. तिथे सौ.चं माहेर, तेव्हा तीही येणार. सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, गणपतभाऊजीले संगं घ्या, त्यायलेच सांगू द्या लोकायले.

मी ऐकलं नाही असं दाखवलं. दुपारी कुंपणापलीकडे ते दिसले. हाक ओठांपर्यंत आली होती.