पेन्सिलीनं बुजवलेला गाल

अण्णा, सकाळपासून तुमच्यावर चिडून बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा राग दुसऱ्या कुणावर काढता येत नाही. धाकट्यानं लोहाऱ्याला घर बांधलंय. तिथं आईचा मोठा फोटो लावायचाय, म्हणून तुमच्या डब्यातली तिची निगेटिव्ह स्कॅन करून मी कॉम्प्युटरवर घेतली. फोनवर तो म्हणाला, "ताई, लई गुळगुळीत नको करू. जुन्या फोटोवानी दाणेदार दिसू दे." हल्ली सगळ्यांनाच जुन्या फिल्मच्या ठिपक्यांचा दाणा हवा असतो. परवा एक नवं जोडपं लग्नाचे चांगले रंगीत फोटो घेऊन धाराशिवला आपल्या स्टुडिओत आलं आणि ते ब्लॅक अँड व्हाइट करून वर दाणा टाकून मागू लागलं. मी माऊसनं एक पट्टी सरकवते, दाणा हवा तेवढा बारीक नाहीतर जाड होतो.

याच दाण्यापायी तुम्ही मला काय काय ऐकवलंय. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापायचं, म्हणून तुम्ही फिल्म धुवायच्या डेव्हलपरची बाटली माठातल्या पाण्यात ठेवून गार करायचात. एकदा मी आळस केला, कोमट पाण्यातच रोल धुतला, आणि सगळ्या वऱ्हाडाच्या तोंडावर जाड दाणा उठला. तुम्ही गिऱ्हाइकासमोर तो फोटो नाचवत म्हणालात, "फोटो हाय का बाजरीचं पीठ? चाळून आन आता." गिऱ्हाईक हसलं, मीही हसले. तो राग कधीच विरला. आजचा वेगळा आहे.

निगेटिव्ह मोठी करत गेले तसा आईच्या कपाळावर, पदरावर, मागच्या पडद्यावर सगळीकडं दाणा दिसायला लागला. एका गालावर मात्र काहीच नाही. कानापासून खाली रुंद होत गेलेला सपाट तुकडा, आणि आणखी जवळून पाहिलं तर तुमच्या पेन्सिलीच्या बारीक रेघा. उजेडाच्या पेटीवर निगेटिव्ह ठेवून तुम्ही लोकांच्या तोंडावरचे देवीचे व्रण बुजवायचात. स्थळं बघायला पाठवायचे मुलींचे फोटो तर त्याशिवाय तुमच्या हातून बाहेरच पडायचे नाहीत. आईचा भाजल्याचा व्रणही तसाच बुजवलात. तेरखेड्याची लेक ती. माहेरी फटाके भरताना दारू पेटली आणि गाल भाजला, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

प्रिंट घरी आणलात तो दिवस मला आठवतो. आई भाकरी थापतेय, हात पिठाचे आहेत, म्हणून फोटो मी तिच्यासमोर धरलाय. ती बराच वेळ बघते. "ही कोन बाई?" ती विचारते. "माजी सवत आनली व्हय?" तुम्ही म्हणता, "फोटोत तरी नीट दिस की." ती तव्यावरची भाकरी उलटते. त्यानंतर ती कॅमेऱ्यासमोर कधी बसली नाही. लग्नाकार्यात फोटोवाला आला की उठून आत जायची. म्हणून तिचा आमच्याकडं हा एकच फोटो, आणि त्यातही तोंड तिचं नाही, तुम्ही केलेलं आहे. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? बाजारात, देवळात ती त्याच गालानं फिरायची, तिनं तो कधी पदराआड घेतला नाही. लाज तुम्हाला वाटत होती, अण्णा. मला याचा फार संताप येतो.

धाकटा म्हणतो, "तेवढ्या जागी दाणा भर, कुनाला कळतंय?" ते सोपं आहे. शेजारच्यासारखाच खोटा दाणा पेरला की झालं. मी पेरलाही. गाल एकसारखा झाला आणि तुमचीच पेन्सिल हातात आल्यासारखं वाटलं, म्हणून लगेच काढून टाकला. मग त्या तुकड्याची कड बघत बसले. एकही रेघ बाहेर गेलेली नाही. व्रण जेवढा होता तेवढाच बुजवलाय, कणभर कमी नाही की जास्त नाही. आता त्याच कडेच्या आत मी जाड, काळसर दाणा भरतेय, व्रण परत दिसेपर्यंत.

हे पाठवायचं कुठं? निगेटिव्हच्या डब्यात ठेवून देईन. फक्त एक कबूल करते. आजीचा उजवा गाल भाजला होता, असं मी माझ्या लेकीला आजवर सांगत आले. तो डावा होता. मला ते तुमच्या रेघांवरून कळलं.