बारा ब्युरेट आणि चिंचेचं पाणी

केरबामामा,

तुम्ही जाऊन आठ महिने झाले. पत्र लिहायचं मनात नव्हतं. पण उद्या दहा वाजता प्रात्यक्षिक परीक्षा आहे आणि बारा ब्युरेटना, त्या मापाच्या काचनळ्यांना, आतून परमँगनेटचा तपकिरी थर बसला आहे. द्रावण कुठवर उतरलं ते मुलांना दिसणार कसं?

प्रयोग झाल्यावर कुणी त्या रिकाम्याच केल्या नाहीत. तुम्ही भोकरची गाडी चुकवली असतीत, पण नळ्या भरलेल्या ठेवून गेला नसतात.

साबण झाला, ब्रश झाला. हे डाग काढणारं ऑक्झॅलिक ॲसिड संपलं, मागवलेलं आलं नाही. तुमच्या जागी प्रयोगशाळा परिचर म्हणून आलेली रेखा म्हणाली, "म्याडम, ती क्रोमिक ॲसिडची बाटली हाय की. काढू का?" तिनं हात पुढे केला आणि मला तुमचे हात दिसले. मी ओरडलेच तिच्यावर. घाबरली बिचारी.

ते ॲसिड तुम्हाला वापरायला मीच लावलं. तुम्ही एकदा घरून चिंच कोळून आणली होती. म्हणालात, "चिंचनं तांब्या निघतो म्याडम, हे तर काच हाय." मुलांसमोर मी तुम्हाला सुनावलं, ही प्रयोगशाळा आहे, स्वयंपाकघर नव्हे. तुम्ही ॲसिडची बाटली उचललीत. हातमोजे मागवते म्हणाले, ते राहूनच गेलं. रसायनशास्त्र तर मी शिकले होते, तुम्ही नाही!

आणि डबा खाताना तुमच्या हातात चमचा बघून मी हसले, "साहेब झालात की मामा!" तुम्हीही हसलात. का हो? तुमच्या दहाव्याला काकूंनी सांगितलं, ॲसिडनं हातांना पडलेल्या भेगांना तिखट झोंबायचं, म्हणून त्या भाकरी चुरून द्यायच्या.

आज दुपारी रेखाकडून चिंच मागवली. कोमट पाण्यात कोळली, गाळली, एका ब्युरेटमध्ये भरली. तासभर मला बसवेना. ओतली, तर काच निघाली होती! चिंचेचा अंश राहिला तर उद्याची मापं चुकतील, म्हणून नळी दहा वेळा धुतली. मग तुमची पद्धत, साधं पाणी भरून सोडून बघायची. पाणी कुठेही थेंब न धरता सरळ खाली उतरलं.

अकरा अजून भिजताहेत. निघतील ना, मामा?

नाही निघाल्या तर परीक्षकांची बोलणी खाईन, पण ती बाटली उघडणार नाही. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. मोजे मी स्वतः जाऊन आणलेत. रेखा हातानं भाकरी खाईल, एवढं मी बघेन.

तुमची,
म्याडम