पेन्सिलीतला आकडा

१० जानेवारी
ऑपरेशनला तीन महिने झाले. प्रोस्टेट गेलं, कॅन्सरही गेला. रक्तातला पीएसए, म्हणजे हा कॅन्सर दाखवणारा आकडा, ०.०३. नसल्यात जमा. डॉक्टरांनी कॉम्प्युटरमध्ये काय काय भरून सांगितलं, पाच वर्षांत आजार उलटण्याची शक्यता शंभरात तीस. मी अर्थातच उरलेल्या सत्तरांत. पंपाच्या कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्टर होतो, मालाकडे बघूनच कळतं. तरी दर तीन महिन्यांनी तपासा म्हणाले. ०.२ च्या वर गेला तर लगेच या, रेडिएशनला उशीर नको.
बायकोने रिपोर्ट वाचून आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेनाने लिहिला. स्वतः पाहिलेलं पेनाने, ऐकीव पेन्सिलीने. कारखान्याची शिस्त. तिला मीच लावली.

१० एप्रिल, सकाळी ८
आज लॅब. एकटाच जातो म्हटलं, तिला कशाला उगाच दगदग.

संध्याकाळी ६
लॅबमध्ये प्रचंड गर्दी. सहा माणसं. परतलो, बागेत बसलो. घरी तिने विचारलं काय आलं, तर तोंडातून ०.०३ निघून गेलं. खोटं नव्हे, अंदाज. मागचा माल पास झाला की पुढचाही पास धरायचे. म्हणजे इतर इन्स्पेक्टर धरायचे. मन खातंय. उद्या नक्की.

११ एप्रिल
सर्दी. सर्दीत आकडा चुकत असणार.

१३ एप्रिल
कॅलेंडरवर एप्रिलचा आकडा पेन्सिलीने. घरातलं पेन संपलं वाटतं. नवीन आणून ओट्यावर ठेवलं.

९ जुलै
लेकीचे दिवस भरत आले. बायकोला दोन महिने तिच्याकडे जायचंय. बॅग काढून ठेवलीय, पण तुमचा रिपोर्ट बघते नि मग निघते म्हणाली. उद्या काही झालं तरी लॅब.

१० जुलै
मुद्दाम पोटभर नाश्ता करून गेलो. लॅबची बाई म्हणाली, पीएसएला उपाशी राहावं लागत नाही. नको तितकी माहिती असते या लोकांना. फोन घरी राहिला, आणतो, असं सांगून निघालो. दारातच तो खिशात वाजला.
घरी ०.०४ सांगितलं. सारखा तोच आकडा बरा दिसत नाही. तिने कागद मागितला. हल्ली कागद देत नाहीत म्हटलं.

१२ जुलै
पुन्हा पेन्सिल. हल्ली पेनांचं काही खरं नाही. बॅग परत कपाटावर गेली. गुडघा दुखतो म्हणे. गुडघा कधीपासून?

२ ऑगस्ट
नात झाली. लेक फोनवर रडली, आई जवळ हवी होती म्हणाली. आईने गुडघ्याचं सांगितलं आणि मग पाण्याची भरलेली बादली घेऊन जिना चढून गेली. माझ्यामुळे झालं हे. सोमवारी लॅब, काळ्या दगडावरची रेघ.

१० ऑक्टोबर
दहा सोमवार गेले. आज रक्त दिलं. एका मिनिटाचं काम. एवढ्यासाठी सहा महिने.

११ ऑक्टोबर
०.३१.
डॉक्टर म्हणाले, पुन्हा एकदा तपासू, पण आजार उलटलेला दिसतो. एप्रिल-जुलैचे आकडे मागितले. माझ्याकडे नव्हते. एप्रिलमध्ये कळलं असतं का विचारलं, तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, सांगता येत नाही.
घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिला एप्रिलपासून ठाऊक होतं. लॅबमध्ये रिपोर्ट आणायला गेली होती, तिथे माझं नावच नव्हतं. मग विचारलं का नाहीस, म्हटलं.
"विचारलं असतं, तर तुम्ही अजून एक आकडा सांगितला असता."
कागद तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, दोनदा वाचला. ओट्यावरचं पेन घेतलं आणि कॅलेंडरवर ०.३१ लिहिलं.
पेन पहिल्या झटक्यात चाललं.