बिनखुणेचा मेंढा

१२ ऑगस्ट
आज अजून दोन मेल्या. महिन्यात अकरा मेंढ्या! पापणी उलटली की आत कागदासारखं पांढरं. जंत रक्त पितात. औषध तर दर महिन्याला सगळ्यांना पाजलं — मग? श्रावणी सोमवारचा उपास होता. साबुदाणा तसाच ठेवून उठले.

१८ ऑगस्ट
उत्कर्षा कराडहून आली. बी.एस्सी. करते लेक. म्हणाली, "आई, तुमीच जंतांना तालीम दिलीया. कच्चे मेले, औषधाला दाद न देणारे उरले. त्यांचीच पिल्लावळ ही!"
मी म्हटलं, जंत शिकतात व्हय?
"शिकून न्हाई गं, उरून."
आता मेंढरंही तशीच उरवायची म्हणे. काहींच्या अंगातच जंत झेलायची ताकद असते. नवं औषध फक्त पांढऱ्या पापणीच्या मेंढराला द्यायचं, दिलं की कान कातरायचा, माझ्या कळपाच्या वहीत लिहायचं. कान कातरलेला नर बाजारात. पैदाशीला फक्त बिनखुणेचे. दहाएक वर्षांत कळपच दणकट होईल.
हे म्हणाले, "आन् ज्येच्या अंगात न्हाई, त्येनं काय पाप केलंय?"
देवानं सगळ्यांना सारखं का नाही दिलं, हे मलाही कळत नाही.

१ सप्टेंबर
आज एकोणीस कान. हळद लावली. ओरडत होती बिचारी.

२२ सप्टेंबर
चांद्याची पापणी पांढरी.
हा नर आई मेली तेव्हा दोन दिवसांचा होता. बाटलीनं दूध पाजून वाढवलाय मी. पाठीमागं फिरतो, पदर चघळतो. हे चिडवतात — "तुजा धाकटा आला बघ!"
औषध पाजलं. कात्री उचलली. कान हातात गरम लागला. कातरला तर खाटकाच्या दावणीला!
कात्री ठेवली. वहीत लिहिलं नाही. सतरा वर्षांत वहीत खोटं उतरलं नाही — आजही खोटं लिहिलेलं नाही. लिहिलंच नाही.

२३ सप्टेंबर
बिरोबापुढं दिवा लावला. वर बघवलं नाही.

१० नोव्हेंबर
कातरलेले नर आज टेम्पोत घालून आटपाडीच्या बाजारात नेले. बिनखुणेचे तीनच राहिले. ह्यांनी तिघांवर भंडारा टाकला. चांद्या सगळ्यात भरलेला. भरणारच! वेळेत औषध पोटात गेलंय.
उत्कर्षाचा फोन — "आई, तुज्या वहीमुळं जमलं बघ! दुसरं कोण इतकं चोख लिवणार?"
पोळी करपली.

१२ नोव्हेंबर
परवा नर मेंढ्यांत सोडणार. चांद्याचं कच्चं रक्त सगळ्या कळपात जाणार. पुढच्या पावसात त्याच कोकरांच्या पापण्या उलटून बघायच्या मी? त्याच हातांनी?
सांगायला हवं. सांगितलं तर चांद्या जातो.

१३ नोव्हेंबर
सकाळी धार काढताना सांगितलं. "आवं, चांद्याला मी औषध पाजलंय. कान न्हाई कातरला."
हे रागावतील वाटलं. ह्यांनी हातातली दुधाची कासंडी खाली ठेवली. मग म्हणाले, "बाकीच्या दोघांस्नी म्या पाजलंय."