शिडाच्या बोटीला पंचवीस हॉर्सपॉवर

२ नोव्हेंबर, रविवार
बोट आली. शिडाची, जुनी, वजन टनभर. सध्या दारात, म्हणून कार रस्त्यावर. सासरे तात्यासाहेब ब्याऐंशीचे. डोळे मिटण्याआधी एकदा पाण्यावर फिरायचंय म्हणतात. नेणारच. फक्त डिझेल इंजिन ठरायचंय.

५ नोव्हेंबर
ऑफिसातला राजेंद्र मूळ पिशोरचा. बोट ज्या तलावात सोडायची तो त्याच्याच गावाजवळचा. म्हणाला, "वैजनाथराव, पाच हॉर्सपॉवर लई झालं. जास्त लावलं तर बोट पळत नाय, मागं बसती." माणसाला व्हिजन नाही. वादळ आलं तर?

९ नोव्हेंबर, रविवार
औरंगपुऱ्यात पंपांच्या दुकानात इंजिनाची चौकशी. दुकानदारानं विचारलं, विहीर किती खोल? बोटीसाठी हवंय म्हटल्यावर त्यानं चहा मागवला, शेजारच्या दुकानदारालाही बोलावलं. इंप्रेशन चांगलं पडलं.

१२ नोव्हेंबर
पंचवीस हॉर्सपॉवर! सेकंडहँड, पण दणकट. टेम्पोतून उतरवताना दोघांची कंबर धरली. हिमानी म्हणाली, मग शीड कशाला? बायकोला टेक्निकल गोष्टी समजावत बसत नाही. शीड कसं चढवतात ते उद्यापासून यूट्यूबवर शिकणार.

१७ नोव्हेंबर
इंजिन बसवलं. शीड उद्यापासून नक्की.

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळी
तलावावर. नातेवाईक हजर. नारळ फोडला.

तोच दिवस, दुपारी
इंजिन एका दमात सुरू. आवाज जबरदस्त. मग बोट मागं बसली. मीही मागंच होतो. कमरेपर्यंत पाणी. तात्यासाहेब नशिबानं काठावरच होते. ओरडून म्हणाले, "जावईबापू, पाणी आत घ्यायची स्कीम आहे का?" बोटीच्या डिझाइनमध्येच दोष आहे.

३० नोव्हेंबर, रविवार
सगळ्यांनी मिळून इंजिन काढलं. बोट सरळ तरंगली. मी स्पष्ट सांगितलं, इंजिनाशिवाय अशक्य. हिमानीनं ओढणी खोचली आणि शीड चढवलं. नागपूरला कॉलेजात असताना नेव्हल एनसीसीत होती म्हणे! लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, बोलली नाही. "तुम्ही विचारलं कधी?" म्हणाली. तात्यासाहेबांना लाइफ जॅकेट घालून पुढं बसवलं, दोरी धरायला राजेंद्रला घेतलं. मी चढायला लागलो तर म्हणाली, "तुम्ही थांबा. वजन जास्त होईल."

काठावर इंजिनाशेजारी बसलो. तलावाच्या मधोमध तात्यासाहेब टोपी काढून हलवत होते. भरून आलं. मीही उभं राहून बराच वेळ दोन्ही हात हलवले.

नंतर कळलं, ते बगळ्यांना हलवत होते.