अपूर्वाचं पान

१६ जून
आले बाई एकदाची नाशिकला! गंगापूर रोडवरचं हे मुलींचं होस्टेल झकास आहे. मोठी खिडकी, बडबडी रूममेट हर्षाली, आणि मुख्य म्हणजे मम्मीचं 'अजून एक पोळी घे' नाही. मनमाडला सगळे मला लाडाने गोलू म्हणतात. ताईच्या लग्नात मामी म्हणाली, संजनाला दोन खुर्च्या द्या. सगळे हसले, मीही हसले. तेव्हापासून भूक लागली की मला माझीच शिसारी येते.

मेसच्या कुसाबाई हरसूलच्या. आम्हाला वाढण्याआधी त्या कोपऱ्यातल्या पाटावर एक ताट वाढून ठेवतात, अपूर्वासाठी. ती आमच्याच खोलीत राहायची. जेवण चोरून टाकून द्यायची, गेल्या वर्षी वारली. कुसाबाई म्हणाल्या, पोर उपाशी गेली, तिचं पान आधी निघायला पायजे. आणि दम दिला की त्यात कुणाचं उष्टं टाकायचं नाय. जिचं उष्टं खाईल, तिच्याच जागी येऊन बसेल. मला हसूच आलं.

२ जुलै
ताट संपल्याशिवाय कुसाबाई कुणाला उठू देत नाहीत. त्या पोळ्या आणायला आत वळल्या की मी माझं उष्टं अपूर्वाच्या ताटात सरकवते. मेलेल्या मुलीला कसलं आलंय उष्टं नि पाष्टं! कुसाबाई खूश, फोनवर मम्मी खूश. चक्कर मात्र मला एकटीलाच येते.

१९ जुलै
गंमतच झाली. अपूर्वाचं ताट आज चाटूनपुसून स्वच्छ. मांजर असेल. पण कुसाबाई कौतुक करत होत्या की दुपारी संजनाने दोनदा वरण मागून घेतलं. दुपारी मी खोलीत झोपून होते. जेवायला गेलेच नव्हते.

३ ऑगस्ट
हर्षाली म्हणते, इतकी मस्त जेवतेस, मग रडतेस कशाला? मम्मी व्हिडिओ कॉलवर माझ्याशी पोटभर बोलली म्हणे. गाल वर आलेत म्हणाली. तेव्हा मी क्लासला होते.
आरशात बघितलं. गाल कुठे आहेत?

१२ ऑगस्ट
कुसाबाईंना सगळं सांगितलं. चुकलं माझं, मला वाढा, भूक लागलीय. खरंच लागली होती, मरणाची. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. माझ्या जागेवर ती बसली होती. माझा निळा ड्रेस, माझा चेहरा. बोटं चाटत होती.

१८ ऑगस्ट
मम्मी आली. राखीसाठी न्यायला. मी ओरडले — मम्मी, मी इथे आहे — तिने डब्यातला शिरा तिला भरवला. डोळे पुसले. म्हणाली, माझी गोलू परत मिळाली —
जेवणारी संजना हवी होती सगळ्यांना. मिळाली.
रिक्षा गेली.

१९ ऑगस्ट
कोपऱ्यात पान वाढलंय. वरणभात, वर तूप. मी पाटावर बसलेय. हाताला घासच लागत नाही —

२३ ऑगस्ट
भूक — नुसती भूक —
हर्षालीला कुणीतरी जाडी म्हणालं. आज पोळी कुस्करत बसलीय. कुसाबाई आत वळल्या. ती इकडे बघतेय —
नको, हर्षाली —
नको टाकू —
अर्धीच टाक, एवढीशी, माझ्या ता —