बेबी सांभाळणं

९ एप्रिल १९८६, सौंसर

आजचं लिहून ठेवतो. चूक माझी. स्टोव्हमध्ये मातीचं तेल भरलं, उरलेलं शरबताच्या बाटलीत ओतलं अन् बाटली खालीच ठेवली. ऑफिसची घाई. आमची बेबी सव्वा वर्षाची, नुकती चालायला लागली. बायको, कुसुम, मागं कपडे वाळत घालत होती, मी दारात चप्पल घालत होतो. खोकल्याचा आवाज आला म्हणून वळलो तर बाटली बेबीच्या तोंडाला, फ्रॉक भिजलेला, घरभर रॉकेलचा वास.

शेजारच्या काकू धावत आल्या. मिठाचं पाणी पाजा, उलटी करवा म्हणाल्या. मी बेबीच्या तोंडात बोट घालणारच होतो. कुसुमनं माझं मनगट धरलं. इतक्या जोरानं तिनं कधी धरलं नव्हतं.

"उलटी करवू नका. वर येताना तेल छातीत उतरते."

तिनं फ्रॉक काढला, अंग साबणानं धुतलं, बेबीला खांद्याशी उभं धरलं अन् दवाखान्याकडं चालू लागली. मी मागं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला, उल्टी कराई क्या? नाही म्हटल्यावर म्हणाले, "बहुत अच्छा किया." आता छातीकडे लक्ष ठेवायचं. दोन-तीन दिवस तिथंच.

१० एप्रिल, दवाखाना

ताप. खोकला. कु.नं माझं घड्याळ मागून घेतलं अन् बेबीचे श्वास मोजून राहिली, दर तासाला. आकडे माझ्या सिगारेटच्या पाकिटावर लिहिते. डॉक्टर आले की दाखवते.

विचारलं, हे तुला कुठून माहीत? म्हणे, मोहल्ल्यात लेकरांना लशीचे टीके टोचायला नर्सबाई येतात ना, त्यांच्याकडून. बाकी बायका टीका झाला की घरी जातात, ही बसून एकेक गोष्ट विचारत राहते. मागं एकदा तिथून उशिरा आली म्हणून मी तिला बोललो होतो. गप्पा मारत बसते, स्वयंपाक कोण करीन? असं काहीतरी.

१२ एप्रिल

ताप उतरला. घरी आलो.  

दुपारी पाहतो तर कु. दोन्ही खोल्यांतून रांगून राहिली. पदर खोचलेला, गुडघे धुळीनं माखलेले. म्हणाली, बेबीच्या डोळ्यांनी घर पाहून राहिली, तुमी बी या. मग मी पण रांगलो. खाटेखाली एक पिन, माझी दाढीची जुनी पत्ती, एक बटण. उभ्यानं कधी दिसलं नसतं. तेल झाकणाच्या डब्यात, वरच्या फळीवर. न्हाणीतली बादली रिकामी करून पालथी. एवढ्याशा पाण्यातही लेकरू बुडते म्हणे.

१४ एप्रिल

जयंती. बेबीला मिरवणुकीत नेलं नाही, खोकला आहे अजून. घरीच वंदना केली. काकू खीर घेऊन आल्या, मान खाली. कु.नं त्यांना हाताला धरून बसवलं. तुमी धावून आल्या, तेच मोठं, म्हणाली.

१८ मे, पांढुर्णा

साळ्याच्या लग्नाला आलो. बसचा प्रवास. कु.ची तयारी पाहण्यासारखी: उकळून गार केलेलं पाणी, बेबीला ओला पंचा, एका डबीत साखर, एकीत मीठ. स्टँडवर मी बेबीला बर्फाचा गोळा घेणार होतो. कु. म्हणाली, तो बर्फ कच्च्या पाण्याचा. नाही घेतला.

वाटेत बस पंक्चर. टळटळीत दुपार, सगळे बाभळीच्या झाडाखाली. रामाकोन्याची एक मजूर बाई, तिगावला माहेरी चालली होती. मांडीवर पोरगा, दोन वर्षांचा असेल, सकाळपासून जुलाब. डोळे खोल गेलेले, रडायचं पण त्राण नाही. बाई पाणी देत नव्हती. पाणी दिलं का आणखी होते म्हणे.

कु.नं तिला खोटं पाडलं नाही. शेजारी बसली. गिलासभर पाण्यात चमचाभर साखर, तीन बोटांची चिमूट मीठ. आधी स्वतः चाखलं, मग त्या बाईला चाखवलं. "आसवापेक्षा खारट नाई पायजे. चमच्या-चमच्यानं पाज बाई, घाई नको करू." तासभर दोघी पाजत राहिल्या. एकदा पोरानं ओकलं. बाईचा हात थांबला. कु. म्हणाली, जरा थांब, मग पुन्हा दे. बस सुरू होईस्तोवर पोरगा गिलासासाठी हात पुढं करून राहिला होता.

तिगावला बाई उतरताना कु.नं तिला बजावलं, गावी पोचली का आधी दवाखाना. पुढं त्या पोराचं काय झालं कळायचा मार्ग नाही. मला दिवसभर आपल्या बायकोकडं पाहावंसं वाटत होतं. 

११ जून, सौंसर

नर्सबाई घरी आल्या. कु.साठी नर्सच्या ट्रेनिंगचा फॉर्म आणला. कु. मॅट्रिक आहे, चालते. दीड वर्ष, छिंदवाड्याला, तिथंच राहावं लागीन. बेबीला नेता येणार नाही. कु.नं फॉर्म दोनदा वाचला, घडी करून ठेवला. जेवताना सहज म्हणाली, "अन् बेबी कोणापाशी राहीन?"

मी म्हणायला पाहिजे होतं, माझ्यापाशी. वरण मागितलं.

१६ जून

आज म्हटलं. आठ दिवसांची रजा काढतो, तू चार दिवस माहेरी जा, मी बेबीला पाहतो. मला जमलं तर फॉर्म भर.  तिनं पाण्याचं भांडं दाखवलं, किती वेळ उकळायचं ते सांगितलं.

१९ जून

कु.ला जाऊन तीन दिवस झाले. खिचडी जमते. रोज सकाळी रांगतो. बेबीला वाटते मी खेळून राहिलो, पाठीवर चढते. काल पडली, कपाळाला टेंगूळ. लपवणार नाही.

हे सगळं कु. रोज एकटी करत होती, वरून स्वयंपाक, कपडे. मला वाटे घरी बसून असते.

२१ जून

दुपारच्या बसनं आली. पिशवी दारातच ठेवून बेबीला उचललं. टेंगळावर बोट फिरवलं. कसं झालं विचारलं, मी सांगितलं. कान पाहिले, मान पाहिली, हाताचा पंजा उघडून एकेक नख पाहिलं.

"नखं तुमी कापली?"

हो म्हटलं.

बेबीला परत माझ्या कडेवर दिलं अन् हातपाय धुवायला गेली. फॉर्म द्यायची तारीख सोमवार.